सकाळची खडखड

आमची गाडी लबाड होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे कुणाला वाटायचं की ही बाई एका मुक्या यंत्रावर उगाच डाफरते आहे. घरी ती खोकायची, थरथरायची, उड्डाणपुलाच्या चढावर दम टाकायची. गॅरेजात पोचली की मात्र अशी गुणी व्हायची की मिस्त्री माझ्याकडे बघायचा आणि मी बाबांकडे. बाबा दुसरीकडेच बघत असायचे.

बाबा म्हणजे माझे वडील. पंच्याहत्तरी ओलांडलेली, आवाज खणखणीत, स्वयंपाकात मीठ कमी पडलं तर शेजाऱ्यांनाही कळावं असा. गाडी त्यांची. मोतिया रंगाची, पेट्रोलची, निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून हौसेनं घेतलेली. मी नागपुरात धरमपेठेत शिवणाचं दुकान चालवते, आणि बुटीबोरीच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या गणवेशाचं कामही माझ्याकडे आहे. या गाडीतून बाबांनी माझे इतके गठ्ठे वाहिलेत की मागच्या सीटवर आता माणूस बसला तर तो गठ्ठ्यासारखाच कलंडतो. मला स्कूटर येते, गाडी येत नाही. शिकायला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा भांडून उतरले. बाबा शिकवताना ओरडतात आणि मी शिकताना ओरडते, त्यामुळे एकाच गाडीत आमचं जमत नाही. घरात मात्र आम्ही दोघंच असतो आणि छान जमतं.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत माझा मोठा भाऊ पुण्याहून आला होता. मी त्याला दादा म्हणते. बाबांनी त्याला कौतुकानं फिरवायला नेलं आणि नेमक्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडीनं गचके द्यायला सुरुवात केली. मागून ट्रकचा भोंगा, पुढे बाबांची शांत मान, आणि बाजूच्या सीटवर पांढराफटक पडलेला दादा. घरी आल्यावर त्यानं सगळ्यांसमोर निकाल दिला.

"प्लग-बिग बदलून भागतंय तोवर ठीक आहे," तो म्हणाला. "पण ज्या दिवशी कुणी इंजिन उघडायचं म्हणेल, त्या दिवशी ही विकायची. आणि दुसरी घ्यायची नाही."

दुसरी घ्यायची नाही, याचा अर्थ तिघांनाही कळला. गाडी गेली की बाबांचं चालवणं गेलं. बाबा संत्र्याच्या फोडीवरच्या शिरा काढत होते. त्यांनी ती फोड पूर्ण साफ केली, खाल्ली नाही, ताटलीत ठेवली आणि "बरं" म्हणाले. मीही हो म्हणाले. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं. मग बाबा उठून बाहेर गेले आणि फडक्यानं गाडीची काच पुसत बसले, जी सकाळीच पुसून झाली होती.

त्या दिवसापासून त्या गाडीचं दुखणं हुडकणं हा आमच्या घरातला मुख्य उद्योग झाला. माझा हिशेब सरळ होता. दुखणं लहान असतानाच सापडलं तर इंजिन उघडायची वेळच येणार नाही, गाडी राहील आणि बाबाही फिरते राहतील. घरात बसून माझ्या फोडणीवर लक्ष ठेवणारे बाबा मला परवडणारे नव्हते. खरं म्हणजे तसे बाबा मला बघवलेच नसते.

इंजिनात चार जण आळीपाळीनं काम करतात, एवढं मला मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी समजावलं. प्रत्येकाची ठिणगी आपापल्या वेळेला पडली की गाडी पळते. एकाची चुकली की बाकीचे तिघं त्याला ओढत नेतात आणि गाडी लंगडते. याला गाडी मिस मारते असं म्हणतात. मिस्त्री माझ्याच वयाचा, गॉगल कपाळावर चढवलेला, आणि आत्मविश्वास असा की त्यातला अर्धा जरी मला मिळता तर मी पुण्यात शाखा काढली असती.

"प्लग आहे ताई," तो गाडीला हातही न लावता म्हणाला. "शंभर टक्के प्लग."

प्लग बदलले. गाडी गॅरेजातून गाणं म्हणत निघाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लंगडली.

"मग कॉइल. मी म्हणलो होतो ना."

त्यानं तसं काही म्हटलेलं नव्हतं. पण कॉइल शोधायची त्याची रीत मला आवडली. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर ठिणगी देणारी एक कॉइल बसलेली असते. त्यानं मशीन लावून बघितलं, मशीन म्हणालं तीन नंबर मिस मारतोय. त्यानं तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरवर लावली आणि एकची तीनवर. आता जर एक नंबर लंगडला तर चोर कॉइल, आणि तीनच लंगडत राहिला तर कॉइल निर्दोष. मला हे इतकं पटलं की दुकानात येऊन मी दोन कारागिरणींच्या जागा बदलून पाहिल्या, कारण त्यांच्यापैकी एकीच्या मशीनवर दोरा फार तुटत होता. तिथे चोर मशीन निघालं. गाडीत मात्र दुसऱ्या दिवशी दोन नंबर लंगडला, ज्याला कुणी हातच लावला नव्हता.

"पेट्रोल खराब आहे," मिस्त्री म्हणाला.

पंप बदलला. मग कुठलंसं औषध टाकीत ओतलं. मग हवेची जाळी झाली, वायरी झाल्या. मिस्त्री दर वेळी शंभर टक्के असायचा. मी एकदा रागानं म्हणाले, "तुमचे शंभर टक्के एवढे झाले, की आता व्याजच द्या." तो मनापासून हसला आणि चहा मागवला. त्याच्यावर फार वेळ चिडून राहता येत नसे, हाच त्याचा मोठा गुण होता.

आणि बाबा? बाबा या सगळ्यात फार आनंदात होते. प्लग म्हटलं की प्लग, कॉइल म्हटलं की कॉइल. "बरोबर आहे गा तुझं," असं ते मिस्त्रीला दर वेळी म्हणायचे. जो माणूस डॉक्टरशी औषधाच्या रंगावरून वाद घालतो, तो इथे एवढा गरीब कसा, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

उलगडा झाला तो माझ्या दुकानात. विजेच्या मोटारीवरचं एक मशीन टाके सोडायला लागलं होतं. सुई बदलली, दोरा बदलला, ताण सैल करून पाहिला, तरी मधूनच एक टाका गायब. शेवटी मी मशीन आडवं पाडलं आणि खाली डोकं घातलं. शिवणयंत्रात सुई वरून दोरा घेऊन उतरते आणि खालून हुक येऊन तो दोरा उचलतो. दोघांची गाठ ठरलेल्या क्षणी पडायला हवी. हुक जरासा उशिरा आला की सुई बिचारी रिकामी परत जाते. सुईत खोट नाही, दोऱ्यात नाही, खोट त्यांच्या वेळेत. मी स्क्रू सैल केला, हुक केसभर पुढे घेतला, आणि टाके पडायला लागले तसा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तशीच कळकट हातांनी स्कूटर काढून मी गॅरेजात गेले.

"इंजिनमध्ये या सगळ्यांना वेळ कोण सांगते?" मी विचारलं.

"चेन," मिस्त्री म्हणाला. "टायमिंगची चेन. खालच्या चाकाले वरच्याशी बांधून ठेवते. ती ढिली झाली की वरचे वाल्व येळेवर उघडत नाही."

"मग तेच आहे."

"नाही ना ताई. चेन ढिली असली तर खडखडते. तुमच्या गाडीले आवाज कुठी आहे?"

"सकाळी असते ना," मी म्हणाले आणि म्हणता म्हणताच माझ्या अंगावर काटा आला. कारण तो आवाज मी रोज ऐकत होते. पहाटे अर्धवट झोपेत, डब्यात चिल्लर हलवावी तशी खडखड, दोन-चार श्वासांपुरती, आणि मग शांत. बाबा रोज उठल्याबरोबर गाडी सुरू करून ठेवायचे, बॅटरीसाठी म्हणून. मी पांघरुणात तो आवाज दूधवाल्याच्या सायकलला बांधलेल्या कॅनचा समजत आले होते.

मिस्त्रीनं गॉगल कपाळावरून काढला. तो गंभीर झाल्याची ती खूण होती. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑईल खाली उतरतं, तो म्हणाला. चेन ताणून धरणारा जो पुर्जा असतो तो ऑईलच्याच जोरावर चालतो. सुरू केल्यावर ऑईल वर चढेपर्यंत चेन मोकळी असते, तेवढ्यातच ती बोलते. "पण मी आपल्या कानानं ऐकल्याबिगर इंजिनले हात नाही लावत," तो म्हणाला. "उद्या गाडी थंडच घेऊन या."

"इथपर्यंत आणली की ती गरम होते."

हे दोघांनाही त्याच क्षणी कळलं आणि आम्ही बावळटासारखे हसत सुटलो. गाडी गरम आणि गॅरेजात चढही नाही; तिथे ती गुणी का असायची, याचं उत्तर एवढंच होतं. मग ठरलं की मिस्त्रीनंच सकाळी आमच्याकडे यायचं आणि तो येईपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही. तसं मी बाबांना रात्री जेवताना नीट सांगितलं. बाबा "हो हो" म्हणाले.

डिसेंबरचे दिवस होते आणि नागपूरची थंडी चांगली पडली होती. मिस्त्री कानाला मफलर गुंडाळून, वाटेत पोहे-तर्री खाऊन, खूष होऊन आला. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"गरम आहे."

"बाबा?" मी म्हणाले.

"थोडी तयार करून ठेवली," बाबा म्हणाले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. "अगं, पाहुणा येऊन राहिला. त्याच्यासमोर तिनं असं खाकरत उठावं का? बरं दिसते का ते?"

आमच्याकडे डॉक्टरकडे जायच्या आधी माणूस नवे कपडे घालतो आणि डॉक्टरनं "कसं आहे" विचारलं की "मस्त" म्हणतो. पाहुणे यायच्या आधी आजारी माणसाला उशी लावून बसवतो. त्याच चालीवर बाबांनी गाडीला बसवलं होतं. मिस्त्रीला ते पूर्ण पटलं. तो बाबांबरोबर चहा प्यायला आणि निघून गेला.

दुसऱ्या खेपेला मी किल्ली माझ्या उशीखाली ठेवली. मिस्त्री आला, बॉनेटला हात लावला, एकदम गार. मी विजयी मुद्रेनं बाबांकडे बघितलं. बाबा तुळशीला पाणी घालत होते. मग मिस्त्रीनं बोट बॉनेटवरून फिरवलं आणि ते ओलं झालं. त्यानं झाकण उघडून आत हात नेला आणि पटकन मागे घेतला.

"काकाजी," तो म्हणाला, "वरून आंघोळ घातली, पण पोटात ताप आहे."

दुसरी किल्ली! ती बाबांच्या कपाटात होती, हे मला कसं आठवलं नाही. पहाटे उठून, गाडी तापवून, मग ओल्या फडक्यानं बॉनेट गार करणारा पंच्याहत्तरीचा माणूस डोळ्यांपुढे आला आणि माझा सगळा राग हसण्यात वाहून गेला. मी पायरीवर बसून पोट धरून हसले. मिस्त्री हसला. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

तिसऱ्या खेपेला मी माझा बेत कुणालाच सांगितला नाही. आदल्या संध्याकाळी बाबा आत बातम्या बघत असताना दुकानातला पाना घेऊन आले, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची एक तार सोडवून ठेवली. आता दहा किल्ल्या आणल्या तरी ती बोलणार नव्हती. मी स्वतःवर इतकी खूष होते की रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पहाटे बाबांनी मला हलवून उठवलं.

"उठ वं. गाडी गेली."

मी पांघरुणात तोंड खुपसून हसत होते. खो खो हसू दाबत मी डोकं बाहेर काढलं आणि बाबांकडे पाहिलं. ते स्वेटर उलटा घालून उभे होते, कानटोपी एका बाजूला सरकलेली, हातात किल्ली. ते माझ्या पलंगाच्या कडेला बसले. बाबा माझ्या पलंगावर कधी बसत नाहीत.

"काहीच नाही बोलली," ते म्हणाले. "दिवाही नाही लागला. मी तिले रोज उठवत होतो म्हणून उठत होती. आज नाही उठली."

माझं हसू तिथेच थांबलं.

"रोज काहून उठवत होते बाबा? बॅटरीसाठीच ना?"

"कायची बॅटरी," बाबा म्हणाले. ते किल्लीशी खेळत होते. "चेन आहे ती. मागच्या हिवाळ्यापासून वाजून राहिली. मले माहीत आहे तो आवाज, जुन्या गाडीलेही झाला होता. तू उठायच्या आधी वाजून जाऊ द्यायची, मग दिवसभर कोणाले ऐकू येत नाही. चेन म्हटलं की इंजिन उघडते. आणि इंजिन उघडलं तर तुमचं ठरलेलंच आहे."

ते तक्रार करत नव्हते, हे सगळ्यात वाईट. तुमचं ठरलेलं आहे, हे त्यांनी उद्या दुकान बंद आहे अशा सुरात सांगितलं. मला इतका राग आला की कुणावर काढावा कळेना. दादावर आला, त्याच्यापेक्षा स्वतःवर जास्त आला, आणि थोडा बाबांवरही आला. प्लग, कॉइल, पेट्रोल, सगळ्याला बरोबर आहे बरोबर आहे म्हणत हा माणूस वर्षभर एकटा ते ओझं घेऊन पहाटे उठत होता.

"गाडी गेली नाही," मी म्हणाले. "मी तार काढून ठेवली आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग सुटका, आणि मग त्या दोघांची अशी काही गिचमिड झाली की ते हसले आणि त्यांनी कानटोपी काढून मला मारली. मीही रडता रडता हसत सुटले.

"मग लाव तार," ते म्हणाले. "मिस्त्री यायच्या आधी थोडी फिरवून आणतो. त्याले म्हणू, आवाज गेला."

आता खरा पेच माझ्यापुढे होता. तार लावून गाडी तापवून दिली असती तर कुणाला काही कळलं नसतं, बाबांची गाडी आणखी एक हिवाळा निघाली असती. आणि वर्धा रोडवर भरधाव ट्रकांच्या मध्ये चेन तुटली असती तर? मी तसं विचारलं.

"तर उभा राहीन कडेले," बाबा म्हणाले.

"कडेला जायला इंजिन लागते बाबा."

मी चहा टाकला. दोघांनी तो गाडीजवळ उभ्यानं प्यायला आणि मी तार लावली. गाडी गारठलेली होती, काचेवर दव होतं. मिस्त्री आला तेव्हा त्यानं बॉनेटला हात लावला, झाकण उघडून आत हात नेला, आणि शंका घेत माझ्याकडे बघितलं.

"थंड आहे," तो म्हणाला. "अस्सल थंड."

"सेल्फ मीच मारतो," बाबा म्हणाले आणि आत बसले.

काय तो आवाज! झोपेत ऐकलेला आणि समोर उभं राहून ऐकलेला, जमीन-अस्मानाचा फरक. खडखडखडखड करत सगळी गाडी दात वाजवत उठली, शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला, आणि मिस्त्रीनं दोन्ही हात वर करून अक्षरशः गिरकी घेतली.

"ऐका, ऐका, ऐका," तो ओरडत होता. "ताई, असा आवाज ऐकायले नशीब लागते."

मीही त्याच्या सुरात ओरडत होते, "तोच, तोच!" लग्नात नवरदेव आल्यासारखा आम्ही दोघांनी त्या भयंकर आवाजाचा जल्लोष केला. मग ऑईल वर चढलं, खडखड विरली, इंजिन गोडपणे चालू लागलं. आत बाबा दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसले होते. ते बघून आमचे हात खाली आले.

मिस्त्रीनं गाडी बंद करून ऑईलचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि बोटानं दाबून दाखवलं. चेन सैल झोपाळ्यासारखी दबत होती. वरच्या चाकावरची खूण आणि इंजिनवरची खूण समोरासमोर यायला हवी होती, ती एका दातानं चुकली होती. माझा हुक आणि माझी सुई, हुबेहूब.

"मी तर पहिल्या दिवशीच म्हणलो होतो," मिस्त्री म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "इंजिन उघडावं लागते ताई."

बाबा गाडीतून उतरले. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि पायरीवर जाऊन बसले. मी तिथेच उभी राहून दादाला फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे जे व्हायचं ते सगळ्यांसमोर होईल.

"चेन आहे," मी म्हणाले. "इंजिन उघडायचं आहे."

"मग ठरलंय ना आपलं," दादा म्हणाला. तो नुकताच उठला होता. "विकून टाक. बाबांना मी समजावतो."

"समजवू नको. मी विकत नाही."

"अगं, गाडीचा प्रश्न नाहीये. वय बघ त्यांचं. उद्या काही झालं तर?"

"त्यांचे डोळे तपासलेत, कान तपासलेत, हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत. ज्या दिवशी त्यांचं काही बिघडेल त्या दिवशी मीच किल्ली काढून घेईन, आणि तेव्हा तू मला अडवलंस तर तुझ्याशीही भांडेन. पण चेन बिघडली म्हणून माणसाला घरी बसवायचं नाही. चेन बिघडली तर चेन बदलायची."

मिस्त्री उगाच टॉर्च लावत होता, बंद करत होता.

"जबाबदारी तुझी," दादा शेवटी म्हणाला.

"माझी," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मी दादाशी आयुष्यात पहिल्यांदा अशी बोलले होते आणि मला भीती वाटत होती, तरी आतून उकळ्या फुटत होत्या.

बाबा पायरीवरून उठले, स्वेटर खाली ओढला आणि मिस्त्रीला म्हणाले, "उघड गा."

मग गाडी गॅरेजात राहिली आणि बाबाही जवळजवळ गॅरेजातच राहिले. रोज सकाळी रिक्षानं जायचे, स्टुलावर बसायचे आणि मिस्त्रीला सूचना द्यायचे. वर्षभर "बरोबर आहे गा तुझं" म्हणणारा माणूस आता एकेका बोल्टवरून वाद घालायला लागला. मिस्त्रीनं मला फोन करून विनवलं की काकाजींना दुपारी तरी झोपायला घरी बोलवा. जुनी चेन काढल्यावर त्यानं ती नव्या चेनीशेजारी खिळ्याला टांगून दाखवली. जुनी लांब झाली होती, पण बोटाच्या पेराएवढीही नाही. एवढ्याशा ढिलाईनं आमच्या घरात किती पहाटा चोरल्या गेल्या, या विचारानं मी चकित झाले. नवी चेन, नवा ताण धरणारा पुर्जा, खुणा समोरासमोर. गाडी घरी आली तेव्हा उशीर झाला होता, म्हणून बाबांनी ती नुसती फाटकाच्या आत लावली आणि झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती उन्हानं. खोलीत ऊन आलं होतं, दुकान उघडायची वेळ होत आली होती. इतका वेळ मी झोपले कशी, ते समजेना. बाबांना हाक मारली, ओ आली नाही. स्वयंपाकघरात त्यांचा चहाचा कप धुऊन पालथा ठेवलेला. बाहेर आले तर फाटक सताड उघडं, गाडीवरची चादर नीट घडी करून पायरीवर ठेवलेली, आणि गाडी नाही.

मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले आणि मग माझ्या ध्यानात आलं. आवाज झालाच नव्हता. पहाटेच्या थंडीत, रात्रभर उभी असलेली ती गाडी माझ्या खिडकीखाली सुरू होऊन निघून गेली होती आणि मला जागही आली नव्हती. मला हसू यायला लागलं. एकटी, केस विस्कटलेले, गाऊनवर शाल, आणि मी फाटकात उभी राहून वेड्यासारखी हसत होते. तेवढ्यात फोन वाजला. दादा.

"झाली का गाडी?" त्यानं विचारलं. आवाज अजून रागावलेलाच होता.

"झाली."

"बाबा कुठेत?"

"गाडी घेऊन गेलेत."

"इतक्या सकाळी? कुठे?"

"मला काय माहीत."

"तुला न सांगता? तू अडवलं नाहीस?"

"आवाजच आला नाही रे," मी म्हणाले, आणि पुन्हा हसू फुटलं. "थंड गाडी दादा, माझ्या उशाशी सुरू झाली आणि मला ऐकूच आली नाही."

मला वाटलं आता तो जबाबदारीचं काढणार. मग पलीकडून खुदकन आवाज आला. दादा हसत होता. आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसते हसत राहिलो, एक पुण्यात आणि एक नागपुरात, आणि आमच्या वडिलांचा पत्ता दोघांनाही नव्हता.

"ऐक," हसू आवरल्यावर तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात येतोय मी. बाबा मला स्टेशनवर घ्यायला येतील का, विचारशील?"

"तूच विचार त्यांना," मी म्हणाले. "घरी आले की फोन करायला सांगते."